विमल काही गाळत नाही

“यांना काय कळणार चित्रातलं? आटप लवकर,” साहेब पूर्वाच्या कानाशी पुटपुटले आणि विमलने ते हातांनी समोरच्या सगळ्यांना सांगून टाकलं.

समोर बहिऱ्या माणसांचा घोळका उभा होता. विमलने कपाळाशी बोट नेलं, हात झटकला, मग दोन्ही हातांनी कोंबड्या हाकलाव्यात तसं ‘आटप’ केलं. बोलताना साहेबांनी नाक जरा वर केलं होतं, तेही केलं. एका बाईने पर्स छातीशी धरली. गणपत शिंप्याने पाय जमिनीवर आपटला. साहेबांना काही पत्ताच नव्हता, ते हसून म्हणाले, “काय म्हणतायत? आवडलं का चित्र?”

विमलने तेही सांगितलं.

मी साहेबांच्या शेजारीच डब्यांच्या पिशव्या घेऊन उभी होते. माझ्या मनात आलं, आता हिचं या संग्रहालयात येणं बंद.

विमल माझी शेजारीण. बोईसरला आमच्या गल्लीत तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. तिने पन्नाशी ओलांडली, मी पंचाहत्तरी. मला ती काकी म्हणते. तिचे कान चांगले आहेत, पण तिची आई जन्मापासून बहिरी, त्यामुळे विमल आधी हातांनी बोलायला शिकली आणि तोंडाने नंतर. माझं विचाराल तर तोंडाने अजून नीट शिकलेली नाही. तिच्या आईला कोणी मुकी म्हटलेलं तिला चालत नाही. “मुकी कशी? दिवसभर बोलायची. तुमाला डोळे नव्हते,” म्हणते.

बोलताना तिच्या हातात काही द्यायचं नाही. माझ्याकडच्या दोन कपबशा अशाच गेल्या. आता ती आली की मी आधी चहा पाजते आणि मग विषय काढते. तेवढा वेळ तिला दम निघत नाही, एक पाय हलत असतो.

हाक मारायची तर देवाने तोंड दिलंय. पण विमल माझ्या दारात येते, हात आत घालते आणि दिवा चालू-बंद, चालू-बंद करते. भर दुपारी. वरच्या मजल्यावरचा टेम्पोवाला एकदा धावत खाली आला. “मौसी, मीटर जल गया क्या?”

“नहीं रे, विमल आई है.”

“अगं, दार वाजवायला काय होतं?” मी तिला विचारलं.

“वाजवलं की.”

“मग दिवा कशाला?”

ती माझ्या नाकासमोर येऊन उभी राहिली आणि मेथीचा भाव सांगायला लागली. हीसुद्धा तिची एक खोड. बोलायचं तर तोंडासमोर येऊन, इतकं की तिने सकाळी काय खाल्लं ते आपल्याला कळावं. मला राग येतो, पण एक आहे, तिचं बोलणं स्वच्छ. बाकीचे हल्ली पुटपुटतात. माझा मुलगा रमेश पुटपुटतो, सून सीमा पुटपुटते, टीव्हीवरची बातम्या देणारी बाईसुद्धा पुटपुटते.

बहिऱ्या माणसाला दवाखान्यात, पंचायतीत, बँकेत काही काम निघालं की तो विमलला घेऊन जातो. तिथे ती त्याचं बोलणं आपल्या तोंडाने बोलते, आणि त्यातला ‘मी’ तसाच ठेवते. गणपत शिंप्याबरोबर ती एकदा नव्या डॉक्टरकडे गेली. गणपत बहिरा आहे, पालघरला कपडे शिवतो. डॉक्टरने विचारलं, काय होतंय? विमल म्हणाली, “मला लघवीला जळजळ होते. आणि दाढी करताना हात थरथरतो.”

डॉक्टरने चष्मा काढला. “दाढी?”

“हो. एक दिवसाआड करतो.”

मी तिला म्हटलं, अगं, ‘हा म्हणतो’ असं तरी लावावं पुढे. तर म्हणे, “कशाला? दुखतंय त्याला. मी मधे कुठे आली?”

आणि ती काही गाळत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा रोग. कानावर पडलं ते हातांत आलंच पाहिजे. “गाळायचा तो चहा, काकी. बोलणं नाय गाळायचं.” तिच्या भाचीच्या लग्नात तिने बांगड्या काढून माझ्या पदरात टाकल्या, कारण चमकणाऱ्या बांगड्यांनी समोरच्याच्या डोळ्यांना त्रास होतो, आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली. आईच्या वेळची चार-पाच बहिरी माणसं समोर बसली होती. विमलने मंगलाष्टका सांगितल्या, भटजींचा खोकला सांगितला, आणि पडद्यामागे जिलेबी कमी पडली म्हणून व्याही-विहिणींचं जे चाललं होतं तेही सांगितलं. ऐकू येणारे आम्ही सगळे वधूवराकडे बघत होतो. खरं लग्न त्या चार-पाच जणांनी पाहिलं.

गल्लीत तिच्यासमोर कोणी कोणाबद्दल बोलत नाही. “काही नाही गं, नंतर सांगते,” असं कोणी तिला म्हटलं तर ती पाय आपटते. “नंतर कशाला? आत्ता सांग.”

हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तिची आई किनाऱ्यावरच्या दांडी गावची. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. टोपलीमागे आई, टोपलीपुढे परकर नेसलेली विमल. ओरडायचं काम विमलचं, ऐकायचं कामही तिचंच. गिऱ्हाइकं काय काय बोलत. एक बाई म्हणाली, “मुकीची मासळी कुजकीच असणार.” विमलने आईला हातांनी सांगितलं, बाई म्हणते मासळी बरी हाय. आईने त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं आणि भर बाजारात एक ठेवून दिली. मग हातांनी म्हणाली, कान तुझे, पण बोलणं मला होतं. माझं मला दे.

त्या दिवसापासून विमलने आईला सगळं दिलं. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले, “फार दिवस नाहीत. त्यांना एवढ्यात सांगू नका.” विमलने आईला सांगितलं की फार दिवस नाहीत, आणि डॉक्टर म्हणतायत तुला एवढ्यात सांगू नको. आई हसली. डॉक्टरला वाटलं, म्हातारीला समजलं नाही.

आता संग्रहालयाचं सांगते. मासवणच्या रस्त्याला भाताची एक जुनी गिरण होती. एका मोठ्या घराण्याने ती रंगवून घेतली आणि आपल्याकडची चित्रं तिथे लावली. त्याचा कारभार बघणारे ते साहेब. चित्रांची माहिती सांगायला पूर्वा नावाची मुलगी, शिकलेली आणि गोड. विमल एकदा कोणाबरोबर तरी तिथे गेली आणि साहेबांच्या मागे लागली, महिन्यातला एक रविवार बहिऱ्या माणसांसाठी ठेवा, पूर्वा बोलेल, मी हातांनी सांगते. साहेबांना वाटलं असेल, चांगला फोटो निघेल. ते हो म्हणाले.

त्या रविवारी वरचा टेम्पोवाला बोईसर, बेटेगाव, पालघर असं करत सगळ्यांना गोळा करतो. मीही जाते. चित्रांसाठी नाही. विमलच्या हातात काही देता येत नाही, मग डबे, पाण्याच्या बाटल्या आणि तिच्या बांगड्या कोणीतरी धरायला नकोत?

तिथे पहिल्याच दिवशी भांडण झालं. पूर्वा चित्राकडे हात करून बोलायला लागली आणि विमल ओरडली, “थांब गं बाय! आधी बघू दे.” मला तेव्हा समजलं. आपण चित्र बघता बघता ऐकतो. या माणसांना दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची. हात बघावे तर चित्र सुटतं, चित्र बघावं तर बोलणं सुटतं. म्हणून आधी सगळे चित्र बघणार, मग विमलकडे वळणार, मग पूर्वा बोलणार, मग सगळे परत चित्राकडे वळणार. एका चित्रापाशी लोकांचा मुक्काम पडतो. साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत असतात. त्यांना दुपारचं जेवण वेळेवर लागतं.

ज्या दिवशी तो घोळ झाला त्या दिवशी लोक एका मोठ्या चित्रापाशी अडले होते. बाजारात बसलेली बाई, पुढ्यात टोपली, तोंड हे एवढं उघडं. गणपत शिंप्याने हातांनी विचारलं आणि विमलने तोंडाने म्हटलं, “ही काय ओरडतेय?”

पूर्वा म्हणाली, “ते चित्रात लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाही ते दिसतंय मला. तोंड उघडं आहे म्हणजे काहीतरी बोलतेय. काय?”

मग सगळ्यांनाच ते हवं झालं. एक म्हणे, ती चोराला शिव्या देते. एक बाई म्हणे, पोराला हाका मारते. हात उडायला लागले, विमल कोणाकोणाचं बोलणार? साहेबांची जेवणाची वेळ टळली आणि ते पुटपुटले ते मी आधी सांगितलंच आहे.

पूर्वाचा चेहरा पांढरा पडलेला बघून साहेबांना उमगलं. ते विमलकडे वळले. “अहो, हे कशाला सांगितलंत? त्यांना सांगा, मी असं काही बोललोच नाही.”

विमलने हातांनी सांगितलं, “अहो, हे कशाला सांगितलंत? त्यांना सांगा, मी असं काही बोललोच नाही.”

“अहो बाई, हे नका सांगू!”

तिने तेही सांगितलं, ‘अहो बाई’सकट.

“हात खाली घ्या आधी!” साहेब ओरडले. विमलने ते सांगितलं आणि मग हात खाली घेतले.

त्यावर ते सगळे हसले. बहिरी माणसं मोकळ्या गळ्याने हसतात, आपल्यासारखं मोजून-मापून नाही. गिरणीचा पत्रा घुमला असावा, कारण दारावरचा वॉचमन धावत आत आला.

गणपत मात्र हसला नव्हता. तो पुढे आला आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत हातांनी बोलायला लागला. विमल तोंडाने बोलली, “मी शिंपी आहे. चित्रातलं मला कळत नाही, तुमचं खरं आहे. कळत असतं तर घरीच बसलो असतो. तुम्ही सांगाल म्हणून टेम्पोत उभा राहून आलो. आता सांगा, ही बाई काय ओरडतेय?”

साहेब विमलला म्हणाले, “तुम्ही शिंपी आहात?”

“सर, ते बोलतायत,” पूर्वा म्हणाली.

सगळे साहेबांकडे बघत उभे. साहेबांनी चित्राकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, रुमालाने तोंड पुसलं. “घ्या... बोंबील घ्या, असं काहीतरी असेल.”

“हळू की मोठ्याने?” गणपतच्या हातांकडे बघून विमल म्हणाली.

“मोठ्याने.”

“करून दाखवा.”

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग तोंड उघडलं. “बोंबीऽऽल!” सगळ्यांनी चित्रातलं तोंड बघितलं, साहेबांचं तोंड बघितलं, परत चित्रातलं बघितलं. गणपतने मान डोलावली. जमलं म्हणाला. वॉचमन खाली मान घालून बाहेर गेला.

चार दिवसांनी संग्रहालयातून फोन आला. रविवार चालू राहील, पण विमलबाईंनी येऊ नये. मुंबईची एक शिकलेली, समजूतदार बाई मिळाली आहे.

विमल फोन ठेवून घरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच. मग पायऱ्या धुतल्या, मग माझ्याही धुतल्या. संध्याकाळी बेटेगावपर्यंत चालत गेली आणि परत आली. तिथे काय काम होतं विचारलं तर म्हणाली, काही नाही. दुसऱ्या दिवशी परत गेली. रस्त्याने चालताना हात चालूच. लोक वळून बघत. एकदा मी तिच्या दारात गेले तर टीव्हीसमोर उभी राहून बातम्या हातांनी सांगत होती. समोर कोणी नव्हतं.

मी स्पष्टच विचारलं, “एवढं काय गं त्यात? पैसे नाय, मान नाय. जेवणाचा डबापण आपलाच नेतो आपण.”

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “काकी, आई गेल्यापासून घरात तिची बोली कोणाला येत नाय. पोराला लहानपणी चार खुणा यायच्या, लग्न झाल्यावर त्यापण गेल्या. दवाखान्यात, बँकेत मी दुसऱ्याचं काम करते. पण त्या रविवारी जेवायला बसतो ना आमी सगळे, तेवा मी माझं बोलते. आईशी बोलायचे तसं. म्हयन्याचा एक दिवस. तो गेला तर मी कोणाशी बोलू?”

“मग एक वाक्य गिळायचं होतं. साहेबाच्या तोंडचं ते, सोन्याचं होतं काय?”

“आईच्याच बोलीत गिळू?”

 मी तिला चहा दिला. तिने दोन्ही हातांनी कप धरला आणि शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. ते मला काही बरं वाटलं नाही.

पुढच्या महिन्यातल्या त्या रविवारी मी टेम्पोत बसले. विमल म्हणाली, जा, लोकांच्या डब्यांना हातभार कोण लावणार? मुंबईची ती मुलगी आली होती. काळा कुडता, केस घट्ट बांधलेले, हात असे की नाचच वाटावा. विमलचे हात तिच्यापुढे मासे साफ करणारे. सगळं बरं चाललं होतं. तिसऱ्या की चौथ्या चित्रापाशी साहेब पूर्वाकडे वाकून काहीतरी बोलले. मुलीचे हात तसेच राहिले.

गणपतने पाय आपटला आणि हात उडवला. ते काय म्हणाले?

मुलीने हसून दोन खुणा केल्या. विमलच्या शेजारात इतकी वर्षं काढल्यावर हातांचं बरंचसं बोलणं मलाही वाचता येतं. काही नाही. नंतर सांगते.

गणपतने तिच्याकडे पाहिलं. मग वळला आणि चालत बाहेर गेला. त्याच्यामागून पर्सवाली बाई, तिच्यामागून सगळे. बाहेर चिंचेखाली बसले आणि डबे उघडले. मीही गेले, डबे माझ्याकडे होते.

साहेब मागोमाग आले. “अहो, झालं काय? मी फक्त पंखा बंद कर म्हणालो!”

ते कोणाला कळणार? सांगायला विमल नव्हती. ती मुलगी बिचारी धावत आली आणि हातांनी पंखा, पंखा करायला लागली, पण कोणी वर बघेना. सगळे भाकरीकडे बघत होते. यांनी डोळे फिरवले की संपलं, जगातला मोठ्यात मोठा माणूस यांच्याशी बोलू शकत नाही. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं. मग त्यांनी पूर्वाला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलले. “विमलबाई, पुढच्या वेळेपासून तुम्हीच या.” मग थोडं थांबून म्हणाले, “हो. सगळं सांगा.” हे पूर्वाने मला नंतर तोंडासमोर येऊन सांगितलं. ही मुलगी शिकते आहे.

मधल्या दिवसांत आमच्या घरी एक झालं. आम्ही जेवायला बसलो होतो. सीमा काहीतरी बोलली आणि रमेशला हसता हसता ठसका लागला. मी विचारलं, काय रे?

“काय नाय आई. नंतर सांगतो.”

घरातला दिवा चालू-बंद झाला. दारात विमल होती. ती सरळ आत आली आणि पानांपुढे पाय आपटला. पापड उडाला.

“रमेश, काय बोललात ते आत्ता सांग काकीला. तिच्याकडे बघून.”

“अगं मावशी, काही नव्हतं. सीमा म्हणाली, टीव्हीचा आवाज एवढा असतो की बेटेगावचे लोक आपल्याकडच्या बातम्या ऐकतात.”

मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पण विमल तिथेच खाली बसली आणि तेच वाक्य तिने मला परत सांगितलं, तोंडाने आणि हातांनी. बेटेगाव कसं करायचं तेही दाखवलं. मी तसं करून पाहिलं, आणि माझं बघून सीमानेही एकदा हात हलवून पाहिला.

या रविवारी संग्रहालयात शिरल्यावर विमलने माझ्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि पूर्वाकडे दिल्या. बांगड्याही तिच्याकडेच दिल्या. मग माझं मनगट धरून मला समोर नेलं आणि गणपत शिंप्याशेजारी उभं केलं. मी म्हटलं, अगं, माझी जागा तिकडे, साहेबांशेजारी.

विमल हातांनी म्हणाली, तिकडे तुमाला काय मिळतं, काकी?

गणपत सरकला आणि त्याने मला जागा दिली. समोर ती ओरडणारी बाई होती. आधी आम्ही सगळ्यांनी चित्र बघितलं, मग विमलकडे वळलो.

विमल बरोबर म्हणाली. त्या दिवशी साहेब पुटपुटले तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. ते काय म्हणाले हे मला बाकीच्यांबरोबरच कळलं, विमलच्या हातांतून.